चौकशीला नेलेला भाडेकरू

प्रश्न : चिंचवडला माझ्या खोलीत पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादचा एक सेंट्रिंगवाला बायको-मुलीसह राहतो, वय ३२. काल सकाळी पोलिसांनी त्याला ‘बांगलादेशी’ म्हणून नेलं. आधार दाखवूनही सोडलं नाही. शेजारी म्हणतात, खोली रिकामी करून घ्या. मी मध्ये पडलो तर अंगाशी येईल का?

उत्तर : पडा, आणि आजच पडा. ठाण्यात जाऊन विचारा, अटक दाखवली आहे की नुसतं चौकशीला बसवलंय? काहीही असलं तरी २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावंच लागतं. घटनेचं कलम २२ परदेशी माणसालाही लागू आहे. अटकेची कारणं त्याला कळणाऱ्या भाषेत लेखी द्यायला हवीत, असं सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२५ ला सांगितलंय. मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. माणूस कुठे ठेवलाय हेच सांगत नसतील, तर वकिलाला मुंबई उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करायला लावणारी याचिका, दाखल करायला सांगा.

मी घाई करतोय, कारण जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडलेले बंगालचे काही मजूर थेट सीमेपलीकडे ढकलले गेले. ते भारतीयच निघाले आणि त्यांना परत आणावं लागलं.

आधारवर विसंबू नका, तो नागरिकत्वाचा पुरावा नाही. नागरिकत्व सिद्ध करायचं ओझं कायद्याने त्याच्यावरच टाकलंय. रोजंदारीवरच्या माणसावर हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे, पण कायदा आज तोच आहे. त्याच्या वयाच्या माणसाला दोन गोष्टी दाखवाव्या लागतात : जन्म भारतातला, आणि तेव्हा आई-वडिलांपैकी एक जण भारतीय. म्हणून गावाकडे फोन लावायला सांगा. त्याचा जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला, वडिलांच्या नावे जमिनीचा कागद, २००२ च्या मतदारयादीतलं वडिलांचं नाव, या सगळ्यांचे फोटो आजच मागवा. एका कागदावर ‘सेख’ आणि दुसऱ्यावर ‘शेख’ असेल तर घाबरू नका. नावाच्या स्पेलिंगमधल्या किरकोळ फरकावरून कुणाला परदेशी ठरवता येत नाही, आणि संशयाला काही आधार लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये आसामच्या रहीम अली खटल्यात सांगितलंय.

आता तुमचं. भाडेकरूची माहिती ठाण्यात दिली असेल तर त्याची पोच आणि भाडेकरार जवळ ठेवा. दिली नसेल तर आधी वकिलाशी बोला. खोलीला कुलूप घालू नका. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून भाडेकरूला बाहेर काढता येत नाही, आणि त्याचं वीज-पाणी तोडणं हा भाडे नियंत्रण कायद्याखाली गुन्हा आहे. त्याच्या बायकोला साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावलं तर नकार द्या. तिचा जबाब घरी येऊनच घ्यावा लागतो.