वाघ दिसला तं दिसला, तलाव पाहूनच जा

दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की आमच्या गोंदिया-भंडाऱ्याबद्दल प्रश्न येणं सुरू होते, यंदाही ढीग झाला, त्यातले काही घेतो. बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न : आम्ही सहा जण, त्यात आईवडील सत्तरीतले. दिवाळीत तीन दिवस नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात येतोय. चार सफाऱ्या बुक करायचा विचार आहे, पुरतील का?
*– एक वाचक, चिंचवड*

चार? दादा, आईवडिलांच्या पाठीचं काय? जिप्सीत तीन-चार तास धक्के खाणं, तेही पहाटेच्या थंडीत, उघड्या गाडीत. एक सकाळची करा, पिटेझरी नाहीतर चोरखमारा गेटची, स्वेटर-मफलर घेऊन, आणि बास. कारण असं आहे की पावसाळा नुकताच संपलेला असते, गवत माणसाएवढं वाढलेलं असते आणि पाणी सगळीकडे असते, त्यामुळे जनावराला पाणवठ्यावर यायची गरजच नसते. वाघच पाह्यचा असेल तं एप्रिल-मे मध्ये या, ऊन सोसायची तयारी ठेवून. नोव्हेंबरात गवे दिसतात, चितळं दिसतात, नशीब असलं तं रानकुत्र्यांची टोळी दिसते, आणि मला विचाराल तं रानकुत्रे पाह्यला वाघापेक्षा जास्त मजा येते. तो प्रसिद्ध 'जय' वाघ नागझिऱ्याचाच होता, पण तोही २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडल्याकडे निघून गेला आणि २०१६ नंतर कोणाला दिसलाच नाही.

उरलेला वेळ नवेगाव बांधला द्या. हा तलाव कोलू पाटील कोहळी नावाच्या माणसाने बांधला असं इथं सगळे सांगतात, अठराव्या शतकातली गोष्ट, आणि त्याचंच पुढं कोलासूर देव म्हणून ठाणं झालं. सुमारे ११ चौरस किलोमीटरचं पाणी, भोवती सात बहिणींचे डोंगर. लोक येतात, बोटीत बसतात, सेल्फी काढतात आन् जातात. पण पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, चालत जा आणि खालच्या बाजूला पाहा, तिथं धान उभा असते, तलाव त्याच्यासाठी आहे, तुमच्या-माझ्या फोटोसाठी नाही. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, असे मालगुजारी (जुन्या गावमालकांच्या काळातले) तलाव गावोगाव आहेत, कोहळी लोकांनी जमिनीचा उतार नुसता डोळ्यांनी पारखून बांधलेले, वरचा भरला की त्याचं पाणी खालच्यात, खालच्याचं त्याच्याही खाली. पाळ, पाणी सोडायला तुडूम, आणि पाण्यात ढिवरांचे, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांचे, मासे-सिंगाडे. एकाच पाण्यावर शेतकरी, ढिवर आणि पाखरं तिघंही जगून राहिले. आता बऱ्याच तलावांत गाळ आन् बेशरमाची झाडं माजली आहेत, ते पाहून जीव जळते, पण तेही पाहा, नुसतं चांगलंच काहून पाह्यचं.

पाखरं पाह्यला मात्र दिवाळी जरा लवकरच पडते. डिसेंबर-जानेवारीत बदकं, पट्टकदंब वगैरे पाहुणे येतात. आईवडिलांना पाळीवर खुर्ची टाकून द्या, दुर्बीण द्या, ते सगळ्यात खुश राहतील. तिसऱ्या दिवशी गोठणगावकडे निघा, इटियाडोह धरण आहे गाढवी नदीवर, आणि जवळच तिबेटी लोकांची वसाहत, सत्तरच्या दशकापासून इथं राहून राहिले. धानाच्या बांध्यांमधून जाता जाता एकदम प्रार्थनेच्या रंगीत पताका दिसतात, पोट्टे तं उड्याच मारतील. बाजूच्या प्रतापगडला डोंगरावर महादेव आणि तिथंच दर्गाही आहे, महाशिवरात्रीला तिथं पाय ठेवायला जागा नसते.

प्रश्न : सारस पाहायचा आहे. नेमकं कुठं उभं राहू?
*– एक वाचक, नाशिक*

गोंदिया तालुक्यात परसवाडा आणि झिलमिली तलावांच्या बाजूनं, अगदी सकाळी. महाराष्ट्रात सारस आता जवळपास आमच्याच भागात उरला आहे. जोडीनं फिरते, उंची जवळजवळ माणसाएवढी, त्यामुळे दिसला तं लांबूनही ओळखू येते. हिवाळ्यात, धान कापून झाल्यावर या. पावसाळ्यात तो उभ्या धानातच घरटं करते, तेव्हा कृपा करून जवळ जाऊ नका. बांधीत (धानाच्या वाफ्यात) उतरायचं नाही, धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) चालायचं, तेही शेतकऱ्याला विचारून. त्याचा धान तुडवला जाते तरी तो घरटं सांभाळून राहिला, आणि आपण ड्रोन उडवायचा?

प्रश्न : हाजरा फॉल डिसेंबरमध्ये कसा असतो?
*– एक वाचक, अकोला*

बारीक. ऑगस्ट-सप्टेंबर त्याचा सिझन. सालेकसा तालुक्यात दरेकसा स्टेशनजवळ आहे, मुंबई-हावडा लाईनवर, पण मोठ्या गाड्या तिथं थांबत नाहीत, गोंदियाहून लोकल पाहा. जवळच कचारगडची गुहा आहे, अवाढव्य. माघ पौर्णिमेला गोंड बांधवांची यात्रा भरते, मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून लोक पायी चढून येतात. त्यांचं ते मोठं श्रद्धास्थान आहे, पिकनिकचा स्पॉट समजून स्पीकर घेऊन जाऊ नका.

प्रश्न : संध्याकाळी सातनंतर तिथं करायचं काय? पोरं बोअर होतात.
*– एक वाचक, ठाणे*

बाप्पा, रात्रीच तं खरी मजा सुरू होते! भाऊबीजेपासून गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, दिवसा पाळणे-जिलेबी-खरेदी, रात्री दंडार, खडी गंमत अशी लोकनाट्यं नाहीतर नाटक. झाडीपट्टीचं नाटक म्हणजे वडसा म्हणजे देसाईगंजच्या कंपन्या, रात्री दहा-अकराला पडदा उघडते आणि पहाटेच पडते, मधे गाणी, रडारड, कॉमेडी सगळं, आणि मंडपात हजारो माणसं घोंगडी पांघरून बसलेली. शंकरपट असला तं दिवसा बैलजोड्यांची दौड आणि रात्री नाटक असा डबल बार. कुठल्या गावात काय आहे हे तुम्हाला इंटरनेटवर नाही मिळणार, चौकातल्या भिंतीवरचे पोस्टर वाचा किंवा पानठेल्यावर विचारा. खुर्चीचं तिकीट काढा, खाली बसलात तं पहाटेपर्यंत पाय आखडतात.

प्रश्न : तिकडचं खास काय खावं? आम्ही शाकाहारी.
*– एक वाचक, पुणे*

मासे-झिंगे तुमच्या नशिबात नाहीत, असो. चिन्नोर तांदळाचा भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, पाटोडीचा रस्सा, उकडलेले सिंगाडे. पावसाळ्यात आलात तं सात्या आणि वास्ते, म्हणजे रानातल्या अळिंब्या आन् बांबूचे कोवळे कोंब. यातलं बहुतेक हॉटेलच्या मेनूकार्डावर नसते, मुक्कामाच्या ठिकाणी स्वयंपाक करणाऱ्या मावशींना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. ऐनवेळी सांगितलं तं पनीरच येते पुढं.