समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला 'ऑब्स्क्युरा' मला आवडत नाही. माझ्या कानात काही कमी आहे का?

तुम्ही लिहिलंय की गॉरगट्स या डेथ मेटल (जड, कर्कश रॉकचा एक प्रकार) बँडचा 'ऑब्स्क्युरा' हा अल्बम चार वेळा ऐकायला घेतला, दर वेळी अर्ध्यात दमलात आणि मित्र म्हणतो, "तुला डेथ मेटल कळतच नाही." मला ते मनाला लागलं, कारण हेच वाक्य मी दोन वर्षं ऐकलंय.

कमी काही नाही तुमच्यात.

गॉरगट्स हा कॅनडातल्या क्युबेकचा बँड. पहिले दोन अल्बम, 1991 आणि 1993 चे, त्या काळच्या डेथ मेटलच्या चालीतलेच होते, आणि ते मला आवडतात. मग पाच वर्षांनी, 1998 मध्ये 'ऑब्स्क्युरा' आला तो सगळी घडी मोडून. लुक लेमे आणि स्टीव्ह हर्डल यांची गिटार त्यात सूर धरण्यापेक्षा खरवडते, ओरबाडते, किंचाळते. ठेका आहे, पण तो हाताला लागतोय असं वाटेपर्यंत निसटतो. पुढच्या कितीतरी बँडनी यातून उचललंय. त्याचं कौतुक खोटं नाही, हे मी मनापासून मानतो.

मग मला का आवडला नाही? याचं उत्तर मला कामावर सापडलं.

मी कोल्हापुरात उद्यमनगरला लेथवर काम करतो. आमच्याकडं बिडाचे जॉब येतात. टूल जरा जास्त बाहेर काढून बांधलं, नाहीतर कास्टिंगमध्ये कडक जागा लागली, की टूल चॅटर मारायला लागतं. आधी बारीक किरकिर येते, मग टूलपोस्टच थरथरायला लागतो आणि जॉबवर बारीक लाटा उमटतात. नख फिरवलं तर त्या नखाला लागतात. तो आवाज आला की माझा हात न सांगता फीडच्या, म्हणजे टूल सरकवायच्या, हँडलकडं जातो. एका रात्री हेडफोन लावून 'ऑब्स्क्युरा' ऐकत होतो आणि उजवा हात मांडीवरून दोनदा उचलला गेला. तेव्हा लक्षात आलं. जो आवाज आला की काहीतरी बिघडलंय असं माझा कान चौदा वर्षं शिकलाय, तोच आवाज या लोकांनी मुद्दाम, मेहनतीनं तयार केलाय. त्यांची कला मला दिसते. पण दिवसभर जे थांबवायला धडपडतो, ते रात्री सुखानं ऐकणं मला जमत नाही.

मित्राचा दुसरा मुद्दा असेल की अवघड संगीत मुरायला वेळ लागतो. खरं आहे. अल्लादिया खाँसाहेब आमच्याच कोल्हापूर दरबारचे गायक, आणि त्यांच्या जयपूर घराण्याचं गाणं मलाही पहिल्या बैठकीत झेपलं नव्हतं. पण तिथं तान कितीही वाकडी गेली तरी समेवर आली की सगळ्यांच्या माना एकदम हलतात. मला त्या समेनं धरून ठेवलं. खासबागेत कुस्तीला रंग चढला की हलगी अशी कडाडते की छातीत वाजते, माझा कान तिथला आहे. 'ऑब्स्क्युरा'त मी सम शोधत राहिलो.

आणि गुंतागुंतीचं आवडत नाही असंही नाही. त्याच 1998 साली डेथ बँडचा 'द साउंड ऑफ पर्सिव्हिअरन्स' आला, बँडचा म्होरक्या चक शुल्डिनर याच्या हयातीतला त्या बँडचा शेवटचा अल्बम. तोही पोरखेळ नाही, दर मिनिटाला वळणं आहेत. पण त्यातल्या 'स्पिरिट क्रशर' गाण्याची सुरुवातीची बास वाजली की पाय आपोआप हलतो. म्हणजे "तुला अवघड झेपत नाही" हे काही खरं नाही.

मी तुमच्या जागी असतो तर पूर्ण अल्बम पाचव्यांदा लावला नसता. फक्त 'क्लाउडेड' लावा. नऊ मिनिटांहून मोठं, अगदी संथ गाणं आहे. त्यात गिटार दोरखंडासारखी ओढली जाते आणि प्रत्येक स्वर ऐकायला वेळ मिळतो. मला अख्ख्या अल्बममधलं तेवढं एक लागलं. पावसात शटर अर्धं ओढून अजूनही लावतो, आणि संपलं की डेथच्याच 'सिम्बॉलिक' अल्बमकडं वळतो.