घरी बिअर आंबवायला भांडं कोणतं घ्यावं: काच, प्लास्टिक की स्टील?

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडमध्ये शेफिल्डला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहता, ४० पिंट बिअर बनवायचा किट आणून ठेवलाय आणि भांड्यापाशी गाडी अडलीय. काचेचा मोठा कारबॉय, म्हणजे अरुंद मानेचा बुधला, डोळ्यांत भरलाय, स्टीलचं खिशाला परवडत नाही, प्लास्टिक मनाला पटत नाही. शिवाय सासूबाईंनी दिलेला पितळी हंडा घरात आहे, तो चालेल का, असंही विचारलंय.

आधी उत्तर सांगते, मग कारणं. झाकणाची, अन्नासाठीच्या प्लास्टिकची ३० लिटरची बादली घ्या. जमलं तर दोन घ्या आणि त्यातल्या एकीला खाली नळ असू द्या. एवढ्या मोठ्या मापाची काच घरात आणू नका. स्टीलचे वाचलेले पैसे तापमान सांभाळण्यावर खर्च करा. बिअरची चव भांड्यापेक्षा कितीतरी जास्त त्यावर ठरते.

मी लीड्समध्ये नऊ वर्षं घरी बिअर करतेय. सुरुवात मी काचेपासूनच केली, कारण काच म्हणजे स्वच्छ, काच म्हणजे लोणच्याची बरणी, हे डोक्यात पक्कं बसलेलं. आणि काच स्वच्छ असतेच. तिला चरे पडत नाहीत, वास लागत नाही, आत काय चाललंय ते दिसतं. पण २३ लिटर बिअरचं वजन अधिक रिकाम्या कारबॉयचे सहा-सात किलो धरा. म्हणजे आपल्याकडचा भरलेला गॅस सिलिंडर, तोही बिनकड्यांचा, ओला आणि साबणाने बुळबुळीत झालेला.

माझा कारबॉय हातातून निसटला मात्र नाही. जानेवारीत तो मागच्या शेडमधून आत आणला, बाथटबमध्ये ठेवला आणि सरळ गरम पाणी ओतलं. टक्‌ असा एवढासाच आवाज झाला. मी मान धरून उचलला तर बूड टबातच राहिलं आणि वरचा भाग माझ्या हातात आला. कडा अंगठ्याच्या मुळाशी शिरली. चार टाके पडले, आणि थंडीत त्या बोटाची पकड अजून कमी पडते. एकाच भांड्याचा एक भाग गरम आणि दुसरा थंड झाला की जाड काच अशीच तडकते. तुमच्याकडे कुणी दिलेला कारबॉय असलाच, तर तो दुधाच्या प्लास्टिक क्रेटमध्ये ठेवून क्रेटच उचला, मान धरून कधीही उचलू नका. साडेचार लिटरचा डेमीजॉन, म्हणजे तसाच छोटा बुधला, मात्र खुशाल वापरा. प्रयोगासाठी तो मीही वापरते.

आता प्लास्टिकबद्दलची शंका. बादलीवर त्रिकोणात २ हा आकडा आणि अन्नासाठी योग्य असल्याची खूण बघून घ्या. होमब्रूच्या दुकानातल्या बादल्या बहुधा याच असतात. हॉटेलातून फुकट मिळणाऱ्या बादलीच्या मोहात पडू नका. एकदा व्हिनेगरमधले कांदे त्यात राहिले की ती दहा वेळा धुतली तरी वास जात नाही, आणि तो बिअरमध्ये उतरतो.

प्लास्टिकचा खरा शत्रू म्हणजे घासणी. माझ्या पहिल्या बादलीत फेसाची तपकिरी रेघ वाळून घट्ट बसली होती. ती मी भांड्याच्या हिरव्या घासणीने रगडून काढली. उजेडात आडवी धरली तेव्हा आतून केसासारखे बारीक चरे दिसले. त्या चऱ्यांत जंतू दडतात आणि निर्जंतुक करणारं द्रावण तिथवर नीट पोचत नाही. त्यानंतरचे दोन्ही घाणे आंबट झाले. आता बादलीत ऑक्सिजनवाली क्लीनर पावडर आणि कोमट पाणी भरून रात्रभर ठेवते, सकाळी मऊ फडक्याने पुसते. रेघ आपोआप सुटते. वर्षा-दोन वर्षांनी बादली बदलते आणि जुनी बागेत जाते.

मापाबद्दल. ४० पिंट म्हणजे जवळजवळ २३ लिटर. दुकानात २५ लिटरची बादलीही मिळेल आणि तेवढी पुरेल असं वाटेल. इडलीचं पीठ डब्यात गळ्यापर्यंत भरून ठेवलं तर सकाळी ओट्यावर काय असतं ते आठवा. इथेही तेच होतं. यीस्ट जोरात आलं की वर बोटभर ते वीतभर फेस चढतो, गव्हाच्या बिअरला तर फारच. तो झाकणावरच्या एअरलॉकमध्ये, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या नळीत, शिरतो, हॉप्सचा (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा) चोथा त्या नळीत अडकतो, आत दाब वाढतो आणि झाकण उडून छतापर्यंत फवारा जातो. म्हणून ३० लिटर. तरीही फेस वर आलाच, तर एअरलॉक काढून त्या भोकात जाड नळी बसवा आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या बरणीत बुडवून ठेवा.

बादलीचं झाकण शंभर टक्के हवाबंद बसत नाही, आणि नवे लोक इथेच घाबरतात. एअरलॉकमधून बुडबुडे येत नाहीत म्हणजे यीस्ट मेलं, असं समजून मी एकदा पूर्ण घाणा ओतून द्यायला निघाले होते. आधी हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजायची नळी, बुडवून पाहिला. साखर संपत जाते तसा त्याचा आकडा उतरतो. सुरुवातीला १.०४५ होता, आता १.०१२. म्हणजे बिअर जवळजवळ तयार झाली होती आणि वायू झाकणाच्या कडेने निघून गेला होता. एवढ्या बिअरमधून ४०० लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो जोरात बाहेर ढकलला जात असतो तोवर बाहेरची हवा आत येऊ शकत नाही, म्हणून सुरुवातीच्या दिवसांत सैल झाकणाने काही बिघडत नाही. वायू थांबल्यावर मात्र ऑक्सिजन हळूहळू आत शिरतो आणि बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. तेव्हा बादलीत दोन, फार तर तीन आठवडे. महिनोन् महिने मुरवायची बिअर बादलीत करू नका.

तुमच्या इथून जवळ, टॅडकॅस्टरला, सॅम्युअल स्मिथची १७५८ पासूनची ब्रुअरी आहे. तिथे आजही स्लेटच्या हौदांत बिअर आंबवतात. स्लेट म्हणजे आपल्या शाळेच्या पाटीचा दगड. यॉर्कशर स्क्वेअर म्हणतात त्या हौदाला. वर दुसरा मजला असतो, मध्ये भोक. यीस्टचा फेस भोकातून वर येतो, यीस्ट वरच साचतं आणि बिअर निथळून परत खाली जाते. हे कळल्यावर माझी काच-स्टीलची ओढ बरीच कमी झाली. भांडं आंबटाला टिकलं पाहिजे, धुता आलं पाहिजे आणि त्याने स्वतःचं काही बिअरमध्ये सोडता कामा नये. यीस्टची मागणी एवढीच आहे.

यातल्या शेवटच्या अटीवर तुमचा पितळी हंडा बाद होतो. पितळेत ताक कळकतं हे तुमच्या सासूबाईंनाही माहीत असणार. बिअर ताकाइतकीच आंबट असते आणि ती भांड्यात दोन आठवडे बसते. तेवढ्यात तांबं, जस्त आणि पितळेत असलं तर शिसंही तिच्यात उतरेल. कल्हई केली तरी एवढा भरवसा ठेवू नका. जुन्या ब्रुअऱ्यांत तांब्याच्या कढया असत हे खरं, पण त्या उकळण्यासाठी, तासा-दीड तासापुरत्या. माठ आणि रांजणही नकोत. सच्छिद्र मातीत एकदा जंतू शिरले की ते निघत नाहीत.

स्टीलबद्दल थोडक्यात. उत्तम असतं, आयुष्यभर टिकतं, कड्या असतात, उजेड आत जात नाही. तुम्ही वर्षभर दर महिन्याला बिअर करताय असं दिसलं की जरूर घ्या. ३०४ दर्जाचं असू द्या आणि त्याला ब्लीच कधी लावू नका, क्लोरीनने स्टीलला खड्डे पडतात. शंकूच्या बुडाची उंच भांडी खालून यीस्ट काढायला सोयीची, पण २३ लिटरला त्याचा फायदा थोडाच, आणि ती बऱ्याच फ्रिजमध्ये मावत नाहीत. दाबाखाली आंबवायची भांडी केगमध्ये, म्हणजे बिअरच्या पिंपात, बिअर भरणाऱ्यांसाठी ठीक. तुम्ही बाटल्या भरणार असाल तर आत्ता त्या वाटेला जाऊ नका.

भांडं कुठे ठेवणार हे मात्र विकत घेण्याआधी ठरवा. इथे कुणीतरी तुम्हाला हमखास सांगेल, बॉयलरच्या कपाटात ठेव, उबदार असतं. मी पहिला घाणा तिथेच ठेवला होता. आंबताना यीस्ट स्वतःही उष्णता सोडतं, बादलीतलं तापमान खोलीपेक्षा तीन-चार अंश वर जातं. बाटली उघडली तर नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास, आणि एका ग्लासात डोकं धरलं. तुमच्या किटमध्ये एल यीस्ट (एल हा बिअरचा एक प्रकार) असेल तर बादलीच्या आत १८ ते २० अंश हवेत. माझी बादली आता जिन्याखालच्या कपाटात असते. तुमच्या फ्लॅटमध्ये खिडकी नसलेला, बाहेरच्या भिंतीपासून लांबचा कोपरा शोधा. बादलीवर तापमानाची चिकटपट्टी लावा, दोन-तीन पाउंडांचं काम आहे. हिवाळ्यात रात्री हीटिंग बंद झाल्यावर पारा उतरला तर खाली हीट पॅड. उन्हाळ्यात बादली पाण्याच्या टबात ठेवून तिला ओलं सुती फडकं गुंडाळा, माठाला गुंडाळतो तसं. वरून जुनी चादर टाका. पांढऱ्या बादलीतूनही उजेड आत जातो आणि उजेडाने हॉप्समधले घटक बिघडून उग्र वास येतो.

नळाची बादली घरी आणल्यावर नळ पूर्ण सुटा करून धुवा आणि पुन्हा बसवा. मग बादली पाण्याने भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागदावर ओला गोल दिसला तर वॉशर घट्ट करायची वेळ तेव्हाच, २३ लिटर बिअर आत असताना नाही. आंबवायचं बिननळाच्या बादलीत. बाटल्या भरायच्या दिवशी सायफनने बिअर नळाच्या बादलीत, उकळून गार केलेल्या साखरेच्या पाण्यावर घ्यायची. ती आपोआप मिसळते, आणि गाळ मागेच राहतो.

इथे ब्रिटनमध्ये घरी बिअर करायला १९६३ पासून परवाना लागत नाही, फक्त विकायची नाही. महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांनी मात्र हे तिथे करू नये. १९४९च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारू बनवणं तिथे गुन्हा आहे.

किटवर कोणतं यीस्ट आलंय ते कळवा, त्याप्रमाणे तापमान नेमकं सांगते.