रेताड रानात बोराचं बी: बाटली नको, हातोडी घ्या

प्रश्न: येवला तालुक्यात ओढ्याकाठी रेताड जमीन आहे. खुंटासाठी, म्हणजे ज्यावर पुढे चांगल्या जातीचा डोळा भरून कलम करायचं त्या रोपासाठी, रोहिणीत गावठी बोराचं बी सरीत टोकलं. शंभरात दहाही उगवलं नाही. दुकानदार जिबरेलिक आम्ल (वाढीचं संजीवक) आणि ह्युमिक न्या म्हणतो. घेऊ का?

उत्तर: घेऊ नका. बी पोकळ असेल, खोल गेलं असेल किंवा कवचात अडकलं असेल, तर त्यावर कुठल्याच बाटलीत औषध नाही.

एक लिटर पाण्यात 170 ते 180 ग्रॅम मीठ विरघळवून बी सोडा. तरंगेल ते फेका, बुडेल ते साध्या पाण्यात खळखळून धुवा. मग विटेवर ठेवून हातोडीनं हलकेच टिचवा. आत तपकिरी, चपटी, चकचकीत गरी असते, कधी दोन. ती ठेचली की गेली. अख्खं बी तीन-चार आठवडे घेतं, गरी आठवड्याभरात वर येते. फोडलेलं त्याच दिवशी टोका.

खोली दोन सेंटिमीटर, बोटाचं एक पेर. नांदगावकडच्या एका रानात मी स्वतः उकरून पाहिलं. सरीतल्या बियांवर पहिल्याच पावसानं चार बोटं वाळू आणून टाकली होती, पांढरे कोंब वाटेतच वळून कुजले होते. तुमचंही तेच झालेलं दिसतंय. सरीत नको, खड्ड्यावर जरा उंचवटा करून तिथं टोका, वर काडाचं पातळ आच्छादन.

आणि रोहिणीतल्या एखाद्या पावसाला भुलू नका. रेती वरून दोन दिवसांत कोरडी पडते, मोड आलेलं बी जागीच वाळतं. वीतभर ओल उतरल्याशिवाय हात लावू नका.

जिबरेलिकबाबत पुन्हा सांगतो, नको. दुकानदार वर 'थोडं जास्तच टाका' म्हणतो. जास्त झालं की रोप लांबडं, काडीसारखं होतं, त्यावर डोळा कुठं भरणार? बी तेजाबात बुडवायचा सल्ला देणाराही भेटेल. घरी ते मुळीच करू नका.

पिशवीतल्या रोपापेक्षा खुंट जागेवरच वाढवा, हा माझा आग्रह. बोराचं सोटमूळ पिशवीत गुंडाळतं, जागेवर सरळ खाली ओलीकडे जातं. खड्ड्याला तीन गऱ्या टोका, जोमदार एक ठेवा, पेन्सिलीएवढं खोड झालं की पावसाळ्यात डोळा भरा.

अनुदान: रोजगार हमीच्या फळबाग लागवडीत बोर बसतं. जॉब कार्ड, सातबारा घेऊन खड्डे खोदण्याआधी मंजुरी घ्या, नंतर नाही.

यंदा आधी वीस गऱ्या ओल्या गोणपाटात गुंडाळून बघा. निम्म्यांनाही मोड आले नाहीत तर बी बदला.