वाचकांचे प्रश्न : एजंट कामात असताना लाईट गेली तर?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवतीची आहेत: प्रोग्राम लिहून देणारे एआय एजंट आपल्या लॅपटॉपऐवजी क्लाउडवरील संगणकात चालवावेत का, आणि चालवायचे असतील तर कोणती काळजी घ्यावी. म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहोत.

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ मोंढ्यातील अडत दुकानांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार करतो. सोयाबीन-तुरीची पट्टी, हमाली-तोलाईची वजावट, खरेदीदारांची उधारी असे त्याचे काम आहे. आमचा लॅपटॉप ८ जीबीचा आहे आणि उन्हाळ्यात लाईटचा भरवसा नसतो. एजंट क्लाउडवर ठेवला तर लॅपटॉप बंद झाल्यावरही काम चालू राहते, हे खरे आहे का? आणि दर आज्ञेला परवानगी देत बसण्यापेक्षा त्याला पूर्ण मोकळीक दिली तर चालेल का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : प्रथम एक गैरसमज दूर करू. एजंट तुमच्या लॅपटॉपवर चालला तरी त्यामागील भाषा-मॉडेल तेथे चालत नसते. ते सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरच असते. तुमच्याकडे चालतो तो एक छोटा प्रोग्राम, जो फाईल वाचतो, आज्ञा चालवतो, आलेले उत्तर मॉडेलकडे पाठवतो आणि पुढे काय करायचे ते विचारून घेतो. ८ जीबीचा लॅपटॉप दमतो तो या प्रोग्राममुळे नव्हे, तर त्याच्या जोडीला चालणारा डेटाबेस, डॉकर (प्रोग्राम बंदिस्त कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारे साधन), ब्राउझर आणि कोड तपासणाऱ्या चाचण्या यांच्यामुळे. हे सारे क्लाउडवर हलवले की लॅपटॉप केवळ पाहण्याचे साधन उरतो, आणि तेवढ्यापुरता तुमचा फायदा नक्की आहे.

लाईट गेल्यावर काम चालू राहील की नाही, हे तुम्ही क्लाउडची कोणती पद्धत वापरता यावर ठरते. पहिल्या पद्धतीत तुम्ही एक संगणक भाड्याने घेता आणि त्याला दुरून जोडून बसता; गिटहब कोडस्पेसेस (कोड साठवणाऱ्या गिटहब या सेवेचे क्लाउडवरील यंत्र) किंवा साधे व्हर्च्युअल मशीन हे या प्रकारातले. येथे जोडणी तुटली की टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) चाललेला प्रोग्रामही बंद पडू शकतो. ते टाळण्यासाठी एजंट टीमक्स (tmux) या टर्मिनलचे सत्र टिकवून ठेवणाऱ्या साधनामध्ये सुरू करावा, म्हणजे जोडणी गेली तरी सत्र त्या यंत्रावर जिवंत राहते आणि लाईट आल्यावर तुम्हाला जेथल्या तेथे परत शिरता येते. मात्र कोडस्पेसेसमध्ये आणखी एक अट आहे. काही हालचाल नसेल तर ते यंत्र ३० मिनिटांनी आपोआप थांबते. ही मुदत सेटिंगमधून २४० मिनिटांपर्यंत वाढवता येते. मागे एजंट कामात आहे हे त्या यंत्रणेला प्रत्येक वेळी कळेलच असे धरून चालू नये, आणि यंत्रच थांबले तर टीमक्सचाही उपयोग नाही.

दुसऱ्या पद्धतीत तुम्ही काम लिहून देता आणि बाजूला होता. ओपनएआयचे क्लाउडवरील कोडेक्स, गिटहबचा कोपायलट एजंट, गुगलचे ज्यूल्स आणि वेबवरील क्लॉड कोड या सेवा २०२५ मध्ये याच धर्तीवर पुढे आल्या. एजंट स्वतःच्या तात्पुरत्या यंत्रावर तुमच्या रिपॉझिटरीची (प्रकल्पाच्या कोडसंग्रहाची) प्रत घेतो, काम करतो आणि झालेले बदल वेगळ्या ब्रँचवर (कोडच्या स्वतंत्र शाखेवर) किंवा पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) म्हणून तुमच्यासमोर ठेवतो. तुमच्याकडे लाईट आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध उरत नाही. ज्या कामाचे वर्णन चार-सहा वाक्यांत नेमकेपणाने करता येते, ते काम या पद्धतीने द्यावे. जेथे पावलापावलाला तुमचा निर्णय लागतो, तेथे पहिली पद्धतच बरी.

आता मोकळीक देण्याविषयी. लॅपटॉपवर ती देऊ नका, कारण तेथे तुमचे फोटो, बँकेची कागदपत्रे, इतर ग्राहकांचे कोड आणि पासवर्ड असे सारे एकाच ठिकाणी असते. क्लॉड कोडमध्ये परवानगी न विचारण्याचा जो पर्याय आहे, तोही बाहेरच्या जगाशी संपर्क तोडलेल्या किंवा काटेकोर मर्यादित ठेवलेल्या कंटेनरमध्येच वापरावा, असा तो बनवणारी अँथ्रॉपिक कंपनी स्वतः सल्ला देते. क्लाउडवरील वेगळ्या यंत्रात एजंटने चुकून सगळ्या फाईल पुसल्या तरी नुकसान त्या यंत्रापुरते राहते; तुम्ही नवे यंत्र सुरू करता. परंतु ‘क्लाउडवर आहे म्हणून सुरक्षित आहे’ असा निष्कर्ष यावरून काढला जातो, तो साफ चुकीचा आहे आणि याच मुद्द्यावर मला सर्वाधिक भर द्यावासा वाटतो. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या सेवेवरील एजंटने, बदल करू नयेत असे बजावलेले असतानाही, एका उद्योजकाचा प्रत्यक्ष वापरातील डेटाबेस पुसला. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली आणि विकासाचा व वापराचा डेटाबेस आपोआप वेगळा ठेवण्याची सोय आणली. तेथेही सर्व काही क्लाउडवरच होते. यंत्र कोठे आहे यापेक्षा त्या यंत्रातून कोठवर हात पोचतो, हे महत्त्वाचे आहे. नव्या मुनिमाला गल्ल्यावर बसवताना तिजोरीची किल्ली कोणी त्याच गल्ल्यात ठेवत नाही.

म्हणून यंत्र सुरू करण्यापूर्वी त्यात काय काय ठेवले आहे ते तपासा. दुकानांच्या चालू डेटाबेसचा पासवर्ड त्यात असता कामा नये. चाचणीसाठी त्याच यंत्रात वेगळा, रिकामा डेटाबेस उभा करावा. गिटहबचे टोकन (प्रवेशाची किल्ली) त्या एका रिपॉझिटरीपुरतेच असावे आणि मुख्य ब्रँचवर थेट बदल चढवता येणार नाहीत अशी बंदी रिपॉझिटरीच्या सेटिंगमध्ये घालावी. बाहेर जाणारे इंटरनेटही आवश्यक तेवढ्याच पत्त्यांपुरते खुले ठेवावे. कोडेक्सच्या क्लाउड यंत्रात काम चालू असताना इंटरनेट मूळ सेटिंगमध्ये बंद असते आणि कोपायलटच्या एजंटाभोवती फायरवॉल (इंटरनेटची ये-जा अडवणारी भिंत) असते, ती याच कारणासाठी. एजंट जे वाचतो त्यातील मजकुराला तो सूचना समजू शकतो. एखाद्या वेबपानात किंवा लायब्ररीच्या माहितीपत्रकात कोणी खोडसाळपणे ‘अमुक फाईल अमुक पत्त्यावर पाठव’ असे दडवून ठेवले, तर तो ते पाळण्याची शक्यता असते. खासगी माहिती, अनोळखी मजकूर आणि बाहेर पाठवण्याची सोय या तीन गोष्टी एकत्र आल्या की धोका पूर्ण होतो, ही मांडणी सायमन विलिसन या प्रोग्रामरने जून २०२५ मध्ये केली. तिघांपैकी एक तरी काढून घ्या.

सारे कुंपण नीट घातले तरी एक चूक त्यातून सुटते, आणि तुमच्या व्यवसायात तीच महाग पडेल. उदाहरणादाखल १८ क्विंटल ४० किलो सोयाबीन घ्या. हमाली क्विंटलमागे ९ रुपये आणि तोलाई ४ रुपये धरा. हमाली १६५.६० आणि तोलाई ७३.६०, मिळून २३९.२०, म्हणजे पट्टीवर २३९ रुपये. पण एजंटने दोन्ही रकमा आधी स्वतंत्रपणे पूर्णांकात आणल्या, तर १६६ आणि ७४ मिळून २४० होतात आणि शेतकऱ्याचा एक रुपया जास्तीचा कापला जातो. तुमची चाचणी २३९ मागत असेल तर ती अडेल. अशा वेळी एजंट पुष्कळदा कोड दुरुस्त करतो; परंतु कधी कधी तो चाचणीतील २३९ चे २४० करतो आणि ‘सर्व चाचण्या यशस्वी’ असे कळवतो. त्याचे निवेदन वाचून समाधान मानू नका. पुल रिक्वेस्ट उघडल्यावर आधी चाचण्यांच्या फाईलमध्ये काय बदलले ते पाहा, आणि त्या फाईलना हात लावायचा नाही असे काम देतानाच लिहा. हंगामात एका दुकानातून निघणाऱ्या पट्ट्या मनात आणल्या, तर हा एक रुपया किती शेतकऱ्यांच्या हिशेबात शिरेल याची कल्पना येईल.

प्रश्न : मी नांदेडला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे. क्रेडिट कार्ड नाही. मोफत काही मिळते का, आणि नंतर अचानक बिल तर येणार नाही ना? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : गिटहबच्या वैयक्तिक मोफत खात्यात कोडस्पेसेससाठी दरमहा १२० कोअर-तास (यंत्रातील प्रोसेसरचे कोअर गुणिले वापराचे तास) आणि १५ जीबी साठवण मिळते. दोन कोअरचे यंत्र घेतले तर हे ६० तास होतात, म्हणजे रोजचे साधारण दोन तास. चार कोअरचे घेतले तर निम्मे. पैसे भरण्याचे साधन जोडलेलेच नसेल तर मर्यादा संपल्यावर सेवा थांबते, बिल येत नाही. थांबवलेले यंत्रही साठवण व्यापत राहते, हे मात्र लक्षात असू द्या. काम संपल्यावर ब्राउझरची खिडकी नुसती मिटू नका, यंत्र थांबवा. नाहीतर मुदत भरेपर्यंतची मिनिटे तुमच्या खात्यावर पडतात.

एजंटचा खर्च मात्र यात धरलेला नाही, तो निराळा असतो. तो वापरानुसार आकारला जात असेल तर खात्यावर आधी मर्यादा घाला, कारण अडलेला एजंट तीच चूक पुन्हा पुन्हा दुरुस्त करण्यात बरेच टोकन (मॉडेलने वाचलेल्या-लिहिलेल्या मजकुराचे मोजण्याचे एकक) संपवतो. प्रकल्पात डेव्हकंटेनरची (यंत्राच्या जुळणीचे वर्णन असलेली) फाईल ठेवण्याची सवय आतापासून लावून घ्या. कोणती भाषा, कोणती आवृत्ती, कोणती साधने हे तीत लिहिलेले असले की प्रत्येक नवे यंत्र तसेच्या तसे उभे राहते आणि तुमचे मोफत तास जुळवाजुळवीत जात नाहीत.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचे सॉफ्टवेअर सुधारण्याचे काम एका तरुणाला दिले आहे. तो सभासदांच्या डेटाबेसची प्रत मागतो. एजंटला खरी माहिती लागते म्हणतो. द्यावी का? (एका पतसंस्थेचे सचिव, धाराशिव जिल्हा)

उत्तर : देऊ नये. एजंटला तक्त्यांची रचना लागते, सभासदांची नावे, आधार क्रमांक आणि शिल्लक रकमा लागत नाहीत. रचनेवरून बनावट नोंदी तयार करणारा प्रोग्राम तोच एजंट लिहून देऊ शकतो. या नोंदी फार नीटनेटक्या असू नयेत, एवढे त्या तरुणाला आवर्जून सांगा. तुमच्या दप्तरात जसा गुंता असतो तसा त्यांत मुद्दाम आणावा: एकच आडनाव दोन प्रकारे लिहिलेले, संयुक्त खाते, अज्ञान मुलाच्या नावची ठेव, स्वतः कर्जदार असलेला जामीनदार, मोबाईल क्रमांकाची रिकामी जागा, ३१ मार्चला मुदत संपणारी ठेव. चुका अशाच ठिकाणी निघतात.

‘यंत्र मुंबईतील डेटा सेंटरमध्ये आहे, माहिती देशाबाहेर जात नाही’ असे उत्तर कदाचित तुम्हाला मिळेल. यंत्र मुंबईत असेलही. पण एजंट वाचतो तो मजकूर मॉडेल चालवणाऱ्या कंपनीकडे जातो, आणि ते मॉडेल कोठे चालते हा स्वतंत्र प्रश्न आहे, तो लेखी विचारावा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ अन्वये, काम दुसऱ्याकडून करून घेतले तरी सभासदांच्या माहितीची जबाबदारी संस्थेवरच राहते. चूक शोधण्यासाठी दिल्या जाणाऱ्या लॉग फाईलही आधी तपासायला लावा, कारण त्यांत खाते क्रमांक आणि नावे सर्रास उमटलेली असतात. डेटाबेसची प्रत यापूर्वीच रिपॉझिटरीत गेली असेल, तर नंतर फाईल काढून टाकणे पुरेसे नाही. गिट (कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे साधन) याच्या इतिहासात ती शिल्लक राहते आणि तेथूनही ती हटवावी लागते.

प्रश्न : एकाच वेळी चार-पाच एजंट लावले तर काम लवकर होईल का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : एकाच फोल्डरमध्ये दोन एजंट लावले तर ते एकमेकांच्या फाईल बदलतील. गिटमध्ये २०१५ पासून असलेल्या वर्कट्रीच्या (एकाच रिपॉझिटरीचे अनेक फोल्डर उघडण्याच्या) सोयीने फोल्डर वेगळे होतात, परंतु डेटाबेस आणि पोर्ट (प्रोग्राम ज्यावर संपर्क घेतो तो क्रमांक) सामाईकच राहतात. क्लाउडवर प्रत्येकाला स्वतंत्र यंत्र दिले की तोही अडथळा दूर होतो. मग अडते ते तपासणीपाशी. आलेला प्रत्येक बदल कोणीतरी वाचायला हवा आणि तो वेळ यंत्रे वाढवून वाढत नाही. म्हणून दोन एजंटांनी सुरुवात करावी आणि त्यांचे काम तपासून मुख्य ब्रँचमध्ये घेतल्यावरच तिसऱ्याचा विचार करावा. डेटाबेसची रचना बदलणारी दोन कामे मात्र एकाच वेळी कधीही देऊ नका. दोन्ही एजंट आपापल्या यंत्रावर एकाच क्रमांकाची मायग्रेशन फाईल (डेटाबेसची रचना बदलणारी फाईल) तयार करतील, दोघांच्याही चाचण्या यशस्वी होतील, आणि घोटाळा दोन्ही बदल एकत्र केल्यावरच उघडकीस येईल.