लाउंज फुकट, पण आपण विमानात बसतो कितीदा?

ताई, तुम्ही विचारलंय की परभणीहून मुलीकडे मुंबईला वर्षातून पाच-सहा चकरा होतात, विमान दोन वर्षांतून एकदा, आणि फोनवरचा मुलगा ३,००० रुपये वार्षिक फीचं ट्रॅव्हल क्रेडिट कार्ड गळ्यात मारतोय, तर घ्यावं का? माझं उत्तर: हे घेऊ नका.

त्यानं सांगितलेलेच आकडे धरू. १०० रुपयांच्या खर्चाला २ पॉइंट, एका पॉइंटची किंमत २५ पैसे. म्हणजे शंभराला आठ आणे. फीवर १८ टक्के जीएसटी लागून ३,५४० होतात. तेवढे परत मिळवायचे तर वर्षाला ७ लाख ८ हजार कार्डावर खर्चावे लागतील. त्यात पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे बहुतेक बँका धरतच नाहीत. लाउंजचं, म्हणजे विमानतळावरच्या बसण्या-खाण्याच्या खास खोलीचं म्हणाल, तर आता पुष्कळ कार्डांवर आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच आत सोडतात. परभणीच्या माणसानं हैदराबादपर्यंत जाऊन फुकटच्या इडलीसाठी एवढा हिशोब ठेवायचा का, तुम्हीच ठरवा.

मी आधी मागच्या वर्षीची तिकिटं काढून बघतो. तुम्हीही बघा. देवगिरी नाहीतर नंदीग्रामच्या स्लीपरनं जात असाल तर रेल्वेचं को-ब्रँडेड, म्हणजे बँकेनं रेल्वेसोबत मिळून काढलेलं कार्डही फारसं कामाचं नाही, कारण त्याचं मोठं बक्षीस एसी आणि चेअर कारच्या तिकिटावर असतं, तेही आयआरसीटीसीवरून काढलं तर. थर्ड एसीनं किंवा ऑगस्ट २०२५ पासून नांदेडहून सुटणाऱ्या वंदे भारतनं जात असाल तर गोष्ट वेगळी. समजा वर्षाला १२,००० ची तिकिटं झाली आणि पाच टक्के जरी परत आले, तरी ६०० रुपये. ५०० फीचं कार्ड जीएसटीसह ५९० ला पडतं. म्हणजे दहा रुपये नफा! दहा टक्के मिळाले तरच अर्थ आहे, म्हणून टक्का नेमका कोणत्या तिकिटावर ते आधी विचारा.

खरं सांगू? तुमच्यासाठी आजन्म बिनफीचं, सरळ एक टक्का कॅशबॅक देणारं रुपे क्रेडिट कार्ड बरं. ते यूपीआयला जोडता येतं, म्हणजे किराणा दुकानाच्या क्यूआरवरही चालतं. फक्त तो क्यूआर दुकानाच्या नावाचा हवा, दुकानदाराच्या खासगी खात्याचा असेल तर पैसे जात नाहीत. भावाला पाठवायलाही चालणार नाही.

आता माझी फजिती. अमृतसरला सचखंड एक्स्प्रेसनं घरचे सगळे गेलो, ३८,००० चं बिल आलं. 'मिनिमम ड्यू', म्हणजे किमान भरायची रक्कम, १,९०० दिसला, तेवढाच भरला आणि वाटलं, सुटलो. पुढच्या बिलात महिन्याला साडेतीन टक्क्यांनी व्याज, त्यावर जीएसटी, आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज. आमच्याकडं मोंढ्यातला आडत्या शेकडा दोन रुपये घेतो तर आपण त्याला सावकार म्हणून शिव्या देतो. इथं शेकडा साडेतीन, तेही आपणच सही करून! त्या सहलीचे पॉइंट जमले होते शे-दीडशे रुपयांचे. तेव्हापासून पूर्ण बिलाचा ऑटो डेबिट लावलाय, बिल खात्यातून आपोआप भरलं जातं. तुम्हीही कार्ड आल्या दिवशीच लावा. आणि कार्डानं एटीएममधून रोख काढू नका, तिथं व्याजातून एक दिवसाचीही सूट नसते.

तो मुलगा 'नुसतं घेऊन ठेवा' म्हणत असेल तर ओटीपी सांगू नका. घेतलंच आणि पटलं नाही, तर बाकी चुकती करून बंद करायचा अर्ज द्या. बँकेला ७ कामाच्या दिवसांत बंद करावं लागतं, उशीर झाला तर रोजचे ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. अर्ज ईमेलनंच करा, फोनवरचं बोलणं नंतर कुणाला आठवत नाही.