जुनी पुस्तकं आणि खेळ दिल्यानं अंगणवाडीतल्या मुलांना खरंच काही उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की सोसायटीत मुलांची जुनी पुस्तकं, ठोकळे, चित्रकोडी जमली आहेत, ती एखाद्या अंगणवाडीला द्यावीत असं वाटतं. पण तीन ते सहा वर्षांच्या, अक्षरओळख नसलेल्या पोरांना त्याचा काही उपयोग होतो, की आपलं कपाट तेवढं रिकामं होतं?

मी ही खोकी घेणाऱ्या बाजूची. (खोकं म्हटलं की हल्ली लोक हसतात; मी पुठ्ठ्याच्याच खोक्याबद्दल बोलतेय.) जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेला, हिरड्याच्या पट्ट्यात, १७ वर्षं अंगणवाडी सेविका आहे. पटावर मुलं २२, रोज येणारी पंधरा-सोळा. सुगीत आईबाप मजुरीला नारायणगावकडे उतरले की आठसुद्धा नसतात.

पहिलं खोकं उघडलं तेव्हा वरती अकरावीची गाईडं होती. त्याखाली बर्फातल्या अस्वलाची इंग्रजी पुस्तकं, सेल संपलेला बोलका पोपट आणि ५०० तुकड्यांचं एक चित्रकोडं. तुकडे पुरे आहेत का बघायला आमच्या मदतनीस मावशी मोजायला बसल्या आणि साडेचारशेच्या पुढे त्यांनी नाद सोडला. तळाशी मात्र दोन पातळ मराठी चित्रपुस्तकं आणि लाकडी ठोकळ्यांची एक पिशवी निघाली. खोक्यातलं खरं दान तेवढंच. बाकीचं आम्ही रद्दीवाल्याला दिलं आणि आलेल्या पैशांत खडू आणले.

त्या दोन पुस्तकांतल्या एकात घरामागचं परसू होतं, नुसतं चित्र, शब्द चार-पाच. पुढं ते पुस्तक मी वापरायला काढलं त्या वर्षी एक मुलगी नवी आली होती, साडेतीन वर्षांची. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिनं तोंड उघडलं नव्हतं. घरी ठाकर समाजाची ठाकरी बोली बोलली जायची आणि माझी मराठी तिला परकी वाटत असणार. मी गोष्ट सांगत होते, गोष्ट कसली, चित्रावर बोट ठेवून नुसतं "हे काय, ते काय" चाललं होतं. कोपऱ्यात टोपलीत बसलेली कोंबडी होती. ही पोर सरकत सरकत पुढे आली, कोंबडीवर हात ठेवला आणि म्हणाली, "आमची पण खुडूक बसलीय." तिचं पहिलं वाक्य. मग किती अंडी, कुठं बसलीय, मांजर येतं का, असं सगळं निघालं. पुढं पंधरा दिवस रोज सकाळी पोरं तिलाच विचारायची, "निघाली का पिल्लं?"

मोठ्यांना वाटतं, वाचता येत नाही तर पुस्तक कशाला. पण या वयात पुस्तक वाचायला नसतंच, ते बोलायला असतं. घरातलं बोलणं बहुतेक हुकमाचं: जेव, इकडे ये, पाणी आण, तिकडे जाऊ नको. समोर नसलेल्या गोष्टीबद्दल बोलणं, काल काय झालं, पुढं काय होईल, तो का रडतोय, हे चित्र समोर धरल्यावर आपोआप सुरू होतं. शिवाय पानं उजवीकडून उलटायची, ओळ डावीकडून चालते, चित्राखालच्या काळ्या रेघोट्या दर वेळी तेच सांगतात, हे मुलाला कुणी शिकवत नाही, हाताळून हाताळून कळतं. पुस्तक उलटं धरणारं मूल ते सुलटं धरायला लागतं तो दिवस मी वहीत लिहून ठेवते. लोकांना हसू येतं. पण पहिलीत पाटीवर अ काढता येणं याच्यापेक्षा मला ते मोठं वाटतं.

एकच पुस्तक पोरं तीस-तीसदा मागतात. मला कंटाळा येतो, त्यांना येत नाही. पुढं काय येणार हे आधीच माहीत असण्यात त्यांना मजा असते, आणि मी मुद्दाम चुकीचं सांगितलं की गलका करून मला दुरुस्त करतात. म्हणून पन्नास वेगवेगळ्या पुस्तकांपेक्षा एकाच चांगल्या पुस्तकाच्या पाच प्रती मला जास्त कामाच्या. माझ्या हातात एक, गोलात चार, तिघा-चौघांत एक. तुमच्या सोसायटीत तसं जमणार नाही हे कळतं मला, पण पैसे गोळा करून नवीन घेणार असाल तर हे लक्षात असू द्या.

आता एक गोष्ट सांगते जी देणाऱ्यांना कुणी सांगत नाही. ते पहिलं खोकं आलं तेव्हा ती दोन पुस्तकं आणि ठोकळे मी जवळजवळ वर्षभर कपाटात कुलूपबंद ठेवले होते. कारण डेडस्टॉक रजिस्टर. अंगणवाडीत आलेली प्रत्येक वस्तू त्यात चढते, आणि चढली की ती हरवली, फाटली तर उत्तर मी द्यायचं. नवीन होते, भीती वाटायची. चार ठोकळे हरवले तर? पान फाटलं तर? त्यापेक्षा कपाट बरं. तपासणीला आलेल्या बाईंनी कपाट उघडून "किती छान ठेवलंय" म्हटलं तेव्हा मला शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं होतं. आज त्याची लाज वाटते. बऱ्याच अंगणवाड्यांत तुम्ही दिलेलं सामान असंच कोरं करकरीत पडून असतं, आणि त्यात सेविकेचा आळस नसतो.

मार्ग निघाला तो एका देणाऱ्या आजोबांमुळे. त्यांनी पुस्तकांबरोबर एका कागदावर लिहून सही करून दिलं: "ही पुस्तकं वापरण्यासाठी आहेत. फाटली, मळली, हरवली तरी आमची हरकत नाही. फाटली तर कळवा, दुसरी देऊ." तो कागद मी रजिस्टरला चिकटवला. पुढच्या तपासणीत दाखवला, कुणी काही बोललं नाही. तुम्ही काहीही द्या, पण हा कागद द्याच. खोक्यातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा त्याचा उपयोग मोठा आहे.

त्यानंतर पुस्तकं घरी जायला लागली. शनिवारी कापडी पिशवीत एक पुस्तक घालून द्यायचं, सोमवारी परत. आया म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नाही बाई. म्हटलं, मग चित्र बघून सांगा. एका आजीनं तर सशाच्या गोष्टीत बिबट्या घातला, कारण जुन्नरात बिबट्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. सोमवारी नातू मला सांगतो, "बाई, तुमाला गोष्ट नीट येत नाय. त्यात बिबट्या हाय." पुस्तकं परत येतात ती हळदीचे डाग घेऊन, एकाचा कोपरा शेळीनं खाल्लाय. हरवलेली मोजली तर चार वर्षांत सहा.

खेळांचं थोडं वेगळं आहे. ठोकळ्यांत पोरं काय शिकतात हे बघायचं तर त्यांची भांडणं ऐका. "माझ्यापेक्षा उंच नको", "खाली मोठा लाव ना, पडंल", "आता माझा डाव". उंच, खाली, मोठा, आधी, नंतर हे शब्द फळ्यावर शिकवायला मला महिना लागला असता. आणि डावाची वाट बघणं! चार वर्षांच्या मुलाला दोन मिनिटं हात आवरून बसणं हे सगळ्यात अवघड काम, आणि ते तो फक्त खेळासाठीच करतो.

आकड्यांच्या खेळाबद्दल एक सांगण्यासारखं आहे. माझी मुलगी डी.एड. करत होती तेव्हा तिनं मला रमाणी आणि सिगलर या दोघांचा २००८ मधला अमेरिकेतला अभ्यास समजावून सांगितला. गरीब घरांतल्या चार-पाच वर्षांच्या मुलांना त्यांनी एका ओळीत १ ते १० आकडे लिहिलेला साधा पट दिला. फिरकीवर १ किंवा २ पडणार, तेवढी घरं पुढं जायचं, आणि जाताना त्या घरांतले आकडे मोठ्यानं म्हणायचे. दोन आठवड्यांत पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठका, बस्स. मुलांची आकड्यांची समज वाढली आणि नऊ आठवड्यांनी पाहिलं तरी टिकलेली होती. तसाच पट पण आकड्यांच्या जागी नुसते रंग, तो खेळलेल्या मुलांत तसा फरक पडला नाही.

मी ऐकून हसले, कारण फिरकी आपल्याकडे चिंचेखाली पडलेली असते. दोन चिंचोके फोडून त्यांच्या फाका घ्यायच्या, पांढरी बाजू वर आली की मोजायची: शून्य, एक किंवा दोन. ओसरीवर गेरूनं दहा घरं काढली, सोंगटीला हिरडा. एक काळजी घ्यावी लागते. तिसऱ्या घरावर असलेलं मूल दोन पडले की "एक, दोन" म्हणत पुढं जातं, त्याला "चार, पाच" म्हणायला लावायचं. खरी मेख तिथं आहे. सापशिडीचा पट म्हणूनच या वयाला मी काढत नाही. शंभर घरं, ओळ नागमोडी वळते, पोरं दिशा विसरतात आणि साप गिळला की रडारड. तुमच्या खोक्यात सापशिडी असेल तर ती शाळेतल्या तिसरी-चौथीला द्या.

मग तुम्ही म्हणाल, चिंचोक्यांवर भागतं तर देणगी कशाला? बरोबर आहे, थोडंफार भागतंच. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढं अनुताई वाघांबरोबर कोसबाडला नेलं, तेव्हा मॉन्टेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हतीच. शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांतूनच त्यांनी साधनं उभी केली. मुलं बालवाडीत येईनात तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि १९७५ मध्ये सरकारची योजना आली त्याच्या कितीतरी आधी 'अंगणवाडी' हा शब्द तिथं रुळला होता. पण चिंचोक्यांतून पुस्तक होत नाही. रंगीत, नीट छापलेलं, मराठीतलं चित्रपुस्तक आमच्याकडं गावात विकत मिळत नाही, तालुक्यालाही गाईडांच्या ढिगात शोधावं लागतं. एकाच मापात कापलेले, कडा घासलेले ठोकळेही मला करता येत नाहीत. जे आम्हाला इथं बनवता येत नाही ते द्या, एवढंच म्हणणं आहे.

आणि हेही सांगते, की पुस्तक आलं म्हणून मूल आपोआप पुढं जात नाही. कुणीतरी मांडी घालून शेजारी बसावं लागतं. माझ्या दिवसात वजनं, आहार, गृहभेटी, लसीकरणाचा दिवस, वर पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल ॲपवरची नोंद. रेंज मिळाली तर. मुलांच्या वाट्याला निवांत तासभर येतो तो मी ओढून आणते. म्हणून बॅनर लावून, बिस्किटं वाटून, फोटो काढून जाणारी मंडळी आली की माझा जीव खालीवर होतो. तो तासही गेला. एका गटातली कॉलेजची पोरगी मात्र एकदा फोटो झाल्यावर मागं राहिली आणि दीड तास जमिनीवर बसून पोरांची गोष्ट ऐकत बसली. तिचं नाव पोरांना अजून आठवतं, बॅनरवर काय होतं ते मलाही आठवत नाही.

आता तुमच्या खोक्याचं. आधी ज्या अंगणवाडीला द्यायचंय तिथल्या ताईंना फोन करून विचारा. मराठी किंवा बिनशब्दांची, मोठ्या चित्रांची, जाड पानांची पुस्तकं बाजूला काढा. इंग्रजी पुस्तक चित्रांसाठी चालेल, पण चित्रातलं जग ओळखीचं हवं. चित्रकोडी ६ ते १२ तुकड्यांची, पुरी, प्रत्येक आपापल्या पिशवीत. बारीक मणी, नाणी, चुंबकं नकोत. आमच्याकडं तीन वर्षांवरची मुलं येतात हे कागदावर. मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटं दीड वर्षाचं येतंच, आणि ते सगळं आधी तोंडात घालतं. नवीन खेळणी घेणार असाल तर आयएसआयचा शिक्का बघा, १ जानेवारी २०२१ पासून तो बंधनकारक आहे. सेलवर चालणारं काहीही पाठवू नका, सेल संपतो आणि त्या पोपटासारखं होतं.

पैसे कमी असतील तर आणखी एक वाट आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या साइटवर भरपूर मराठी चित्रगोष्टी फुकट उतरवून घेता येतात आणि त्यांचा परवाना छापून वाटायची मुभा देतो. शहरात रंगीत छापून लॅमिनेट करून दिल्या तर पाच प्रतींचा प्रश्नही सुटतो. आमच्याकडं छापायचं तर ३० किलोमीटर.

आणि पावसाळ्यात पाठवू नका. सह्याद्रीच्या या अंगाला जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते, पुठ्ठ्याला आठवड्यात बुरशी येते, आणि लावणीच्या दिवसांत मुलं आईबापांबरोबर खाचरात असतात. दिवाळीनंतर पाठवा. तोवर तुकडे मोजून ठेवा, म्हणजे मावशींना बसायला नको.